चिंचवडचा पाहुणचार : दोन सचित्र पुस्तके आणि एक राहून गेलेले चित्र

परक्या संस्कृतीतून आलेल्या पाहुण्याचे स्वागत हा मुलांच्या चित्रपुस्तकांचा आवडता विषय आहे. त्याचा साचाही आता बऱ्यापैकी ठरून गेला आहे. दारात कोणीतरी अनोळखी उभे असते. त्याचा वेश निराळा, भाषा निराळी. घरातले मूल आधी बिचकते, मग खाऊ पुढे करते, आणि शेवटच्या पानावर सगळे एका पंगतीत बसलेले दिसतात. हा साचा वाईट नाही. परंतु त्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे हे चित्र काढते कोण? यजमान की पाहुणा? पाहुणचाराच्या प्रत्येक चित्रात दोन माणसे असतात आणि कुंचला बहुधा एकाच्याच हातात असतो.

हा प्रश्न तपासण्यासाठी चिंचवडचे उदाहरण उपयोगी पडते. आज कारखान्यांमुळे ओळखले जाणारे हे गाव दोनशे वर्षांपूर्वी दोन इंग्रजी सचित्र पुस्तकांत यजमान म्हणून शिरले. पहिले एडवर्ड मूर याचे ‘द हिंदू पँथिऑन’ (१८१०) आणि दुसरे मारिया ग्रॅहॅम हिचे ‘जर्नल ऑफ अ रेसिडेन्स इन इंडिया’ (१८१२). दोन्ही पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली आहेत. तरीही परक्या देशाची ओळख चित्रांतून करून देणारी पुस्तके म्हणून त्यांचे नाते आजच्या चित्रपुस्तकांशी आपल्याला वाटते त्याहून जवळचे आहे.

यजमान गाव

पवनेच्या काठच्या या गावाची मूळ कथाच एका पाहुण्याच्या आगमनाची आहे. मोरया गोसावी हे मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु परंपरा सांगते ती कथा अशी की, ते चिंचवडहून मोरगावची वारी नेमाने करीत. वार्धक्याने वारी झेपेना, तेव्हा कऱ्हेच्या पात्रात स्नान करताना गणपतीची मूर्ती त्यांच्या ओंजळीत आली आणि देवच भक्ताच्या घरी राहायला आला. हाच चिंचवडच्या वाड्यातला मंगलमूर्ती. आजही भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून पालखी मोरगावला जाते. पाहुणा म्हणून आलेला देव वर्षातून दोनदा आपल्या मूळ घरी जाऊन येतो, असेच म्हणायचे.

पुढे अशी श्रद्धा रूढ झाली की मोरयांच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश वसतो. त्यामुळे गादीवरच्या पुरुषालाच ‘देव’ म्हणू लागले. भोसले छत्रपती आणि पेशवे यांच्याकडून संस्थानाला गावे इनाम मिळाली. या परंपरेतली एक आख्यायिका आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ती औरंगजेबाची. बादशहाने नारायण देवांची परीक्षा पाहण्यासाठी एका झाकलेल्या पात्रात निषिद्ध मांस भेट म्हणून पाठवले. देवांनी पात्र उघडले तेव्हा आत जाईची फुले होती. प्रसन्न होऊन बादशहाने आठ गावे इनाम दिली.

या कथेची ऐतिहासिकता येथे महत्त्वाची नाही. यजमानाने स्वतःविषयी सांगितलेली ती कथा आहे, हे महत्त्वाचे. परक्या सत्तेकडून अपमान म्हणून आलेली वस्तू नाकारायची नाही, परत फेकायची नाही. ती स्वीकारायची आणि आपल्या घरात तिचे रूप पालटून टाकायचे. दुबळ्या यजमानाने बलवान पाहुण्यासमोर स्वत्व कसे राखावे, याचे हे एक कल्पनाचित्र आहे. गंमत अशी की, ही कथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवली ती पुढच्या बलवान पाहुण्याने, म्हणजे मूरने.

मूरचा चित्रसंग्रह

एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. टिपूविरुद्धच्या मोहिमेत तो मराठी फौजांबरोबर वावरला होता. १८०० च्या सुमारास पुण्याच्या दरबारी कर्नल पामर रेसिडेंट असताना मूर चिंचवडला जाऊन आला. त्याने ऐकलेली माहिती ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याच्या नियतकालिकाच्या सातव्या खंडात (१८०१) प्रसिद्ध झाली. विषय होता, पुण्याच्या ब्राह्मणांकडून पूजिला जाणारा वंशपरंपरागत जिवंत देव. पुढे लंडनला त्याने ‘द हिंदू पँथिऑन’ काढले. त्यात शंभराहून अधिक पानभर चित्रे आहेत. मूर्ती, पट, नाणी यांवरून कोरलेली. गणपतीच्या प्रकरणात चिंचवडच्या देवांचा वृत्तान्त पुन्हा येतो.

मूरची वृत्ती संग्राहकाची आहे. तो पिढ्यांची यादी देतो, आख्यायिका नोंदवतो, क्वचित मिस्कील होतो, पण तुच्छतेने बोलत नाही. तरीही त्याच्या पुस्तकाची रचना पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. देव कोठल्याही घरातून उचलून कोऱ्या पानावर ठेवले आहेत. ज्या देव्हाऱ्यात ते होते, ज्या हाताने त्यांना गंध लावले जात होते, तो देव्हारा आणि तो हात चित्रात नाहीत. पाहुण्याने घरातल्या वस्तूंची सुरेख यादी केली आणि घर तेवढे वगळले.

ओसरीवरचा मुलगा

मारिया ग्रॅहॅमचे तसे नाही. तिच्या पुस्तकात घर आहे, आणि घरातला एक मुलगाही आहे.

मारिया डंडास १८०९ साली मुंबईला आली ती आरमारी अधिकारी असलेल्या वडिलांबरोबर. त्याच वर्षी टॉमस ग्रॅहॅमशी तिचा विवाह झाला. तिचे वय चोवीस. तिला चित्रकला अवगत होती, वाचन दांडगे होते, आणि मुंबईतल्या इंग्रज समाजाविषयीही ती फारसे गोड बोलत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस घाट चढून पुण्याकडे जाताना ती चिंचवडला थांबली. तेव्हा गादीवरचे देव म्हणजे एक लहान मुलगा होता.

तिच्या वर्णनाचा सारांश असा. गाव तिला गलिच्छ दिसले. खिडक्याखिडक्यांतून धष्टपुष्ट ब्राह्मण डोकावत होते आणि संस्थानाच्या उत्पन्नावर त्यांचीच नजर असावी, असे तिला वाटले. देव एका साध्या ओसरीवर ठेंगण्या लाकडी आसनावर बसलेले होते. इतर मुलांपेक्षा निराळे असे काही त्यांच्यात नव्हते. निराळी होती ती डोळ्यांतली एक बावरलेली, अस्वस्थ छटा. ती रोज दिल्या जाणाऱ्या अफूमुळे असल्याचे तिला कोणीतरी सांगितले. या मुलाला इतर मुलांशी खेळू देत नाहीत आणि ब्राह्मणांखेरीज कोणाशी बोलता येऊ नये म्हणून संस्कृतावाचून दुसरी भाषा बोलू देत नाहीत, असेही ती लिहिते. मुलाने मात्र त्यांचे स्वागत फार सभ्यतेने केले. इंग्रज लोक भेटले की आपल्याला नेहमी आनंद होतो, असे तो म्हणाला. एका ब्राह्मणाने दुभाष्याचे काम केले. निघताना देवांनी स्वहस्ते बदाम आणि खडीसाखर दिली. त्या खडीसाखरेला हिंगाचा वास होता. पाहुण्यांनी उलट मूठभर रुपये दिले.

एवढाच प्रसंग. जेमतेम परिच्छेदभर. पण पुढच्या काळातल्या गॅझेटियरांनी आणि प्रवासमार्गदर्शकांनी तो वारंवार उद्धृत केला आणि चिंचवडचे इंग्रजीतले चित्र बराच काळ हेच राहिले.

ओळींच्या आडचा यजमान

हा परिच्छेद साहित्याच्या विद्यार्थ्याने कसा वाचावा? त्यातल्या उपहासावर संतापणे सोपे आहे. त्यातून इतिहास हाती लागत नाही. त्याऐवजी लेखिकेने डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगळे करून पाहावे.

पाहिलेले असे : ओसरी, ठेंगणे आसन, मुलाचे डोळे, त्याची सभ्यता, बदाम, खडीसाखर. ऐकलेले असे : अफू, खेळण्याची बंदी, केवळ संस्कृत. दुसऱ्या यादीतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी तोंडून, तीही भाषांतर होऊन आलेली आहे. त्यातला संस्कृतचा मुद्दा तर पटण्यासारखा नाही. मोरया गोसावींची पदे मराठी आहेत आणि त्यांच्या परंपरेत ती गायिली जातात. संस्थानाचा पत्रव्यवहार आणि हिशेब मराठीत चालत. ज्या घरात देवाची आळवणी मराठीत होत होती, त्या घरातल्या मुलाला मराठी बोलण्याची मनाई होती, हे संभवत नाही. संभव असा की, देव परस्पर बोलत नाहीत, मध्ये कोणीतरी लागतो, या रिवाजाचे दुभाष्याने पाहुणीला समजेल असे एक कारण सांगितले आणि पाहुणीने ते सत्य म्हणून टिपून घेतले. मुलाला खेळू देत नसत, हे मात्र गादीच्या शिस्तीशी जुळणारे आहे, आणि तिथे लेखिकेच्या शब्दांत उपहासाच्या मागे करुणाही आहे. देव म्हणून बसवलेल्या मुलात तिने मूल पाहिले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही.

आता देवघेवीकडे पाहू. मुलाने बदाम आणि खडीसाखर दिली. पाहुण्यांनी रुपये दिले. लेखिकेच्या वाक्यरचनेत ही अदलाबदल आहे, जवळजवळ व्यवहार. यजमानाच्या भाषेत मात्र एकाला प्रसाद म्हणतात आणि दुसऱ्याला दक्षिणा. प्रसाद हा मोबदला घेऊन द्यायचा पदार्थ नव्हे आणि दक्षिणा ही किंमत नव्हे. एकच कृती दोन भाषांत दोन गोष्टी होते. हिंगाच्या वासाचेही तसेच. तो खरोखर होता की परक्या नाकाला अनोळखी गंध हिंगासारखा वाटला, याचा निर्णय आज कोणी करू शकणार नाही. परंतु वाचकाच्या ओठांवर हसू आणण्यासाठी तो तपशील नेमक्या जागी ठेवलेला आहे, हे स्पष्ट दिसते.

आणि ते सभ्य वाक्य, की इंग्रज भेटले की आनंद होतो? १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशवाई कंपनीच्या छायेत आली होती. ज्या संस्थानाचे अस्तित्व सनदांवर अवलंबून आहे, त्याच्या ओसरीवरून उच्चारलेले हे वाक्य निव्वळ बालसुलभ असणे कठीण. ते पढवलेले असेल. पण पढवलेले असले तरी ते आतिथ्यच आहे, कारण घराने पाहुण्यापुढे आपला लहानगा बसवला, त्याच्या हातून गोड दिले आणि त्याच्या तोंडून गोड बोलवले. बादशहाच्या पात्रातल्या मांसाची फुले करणारे घर ते हेच.

येथे असे म्हणता येईल की, यजमानापाशी चित्र काढणारा हात नव्हता, म्हणून पाहुण्याचे चित्र उरले. तेही खरे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार काम करीत होता. वेरूळची आणि कार्ल्याची लेणी त्याने रेखाटली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडाही काढला. त्याची कितीतरी चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हात होता, कसब होते, कागद होता. काय काढायचे हे मात्र पाहुणा सांगत होता. गंगारामने इंग्रजांसाठी लेणी पाहिली. ओसरीवरच्या आसनावरून इंग्रज कसे दिसतात, हे चित्र त्याला कोणी मागितले नाही.

पाहुणा घरमालक होतो

त्या भेटीनंतर नऊ वर्षांनी, १८१८ साली, पेशवाई संपली. पाहुणा आता घरमालक झाला. पुढे इनाम कमिशनचा कायदा १८५२ साली झाला आणि इनामदारांना आपापल्या सनदा काढून दाखवाव्या लागल्या. आठ गावे बक्षीस मिळाल्याची आख्यायिका मूरला रंजक वाटली होती. आता गावांचा हक्क कागदाने सिद्ध करणे भाग होते. यजमानाच्या बाजूचा इतिहास आपल्याला मिळतो तो याच कागदांतून. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने मुख्यतः मराठी कागदपत्रांच्या आधारे चिंचवडच्या देवांचा सविस्तर इतिहास लिहिला आणि तो १८८९ नव्हे, तर थेट १९८९ साली, केंब्रिज विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाला. प्रवासवर्णनातल्या परिच्छेदाला दफ्तराने उत्तर द्यायला पावणेदोनशे वर्षे लागली.

अनाहूत पाहुण्याचे टोकाचे रूप मग १८९७ मध्ये दिसले. प्लेगच्या साथीत पुण्यात गोरे शिपाई घरोघर शिरले. माजघर, देवघर, काही सोडले नाही. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. ज्या गावाने ओसरीवर बसवून बदाम आणि खडीसाखर दिली, त्याच गावातून हे तरुण निघाले. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु उंबरठा ही काय वस्तू आहे, हे दोन्ही घटना मिळून सांगतात. उंबरठ्याबाहेर थांबतो तो पाहुणा. न विचारता आत येतो त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

पाहुणी पुस्तके

माणसांचे असे झाले, पुस्तकांचे काय? मराठीतले छापील बालवाङ्मय हे मुळातच परक्या पाहुण्यांच्या स्वागतातून उभे राहिले आहे. मारिया ग्रॅहॅम चिंचवडला आली त्याच्या सुमारे तीन वर्षे आधी, तंजावरला सरफोजीराजांच्या मुद्रणालयात इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या होत्या. १८२८ साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आले. मूळ पुस्तक बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, इंग्रजीमार्गे आलेले. या पाहुण्यांना मराठीने ओसरीवर ताटकळत ठेवले नाही. त्यांना नवी नावे दिली, पोशाख दिला, आणि काही पिढ्यांत ते पाहुणे होते हेही विसरून गेली. इसाप आज मराठी मुलाला परका वाटत नाही.

इसापाचीच कोल्हा आणि करकोचा ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. कोल्हा करकोच्याला जेवायला बोलावतो आणि पसरट थाळीत पातळ पदार्थ वाढतो. करकोचा परतफेड करतो ती उंच, अरुंद तोंडाच्या सुरईतून. ‘जशास तसे’ हे तात्पर्य आपण पाठ केले. पण ती गोष्ट पाहुणचाराच्या मूळ अडचणीची आहे. प्रत्येक यजमान आपल्या तोंडाच्या मापाचे भांडे पुढे करतो. दुष्टपणाने केले नाही, तरी पाहुणा उपाशी राहतोच. आणि चिंचवडचा प्रसंग सांगतो की, पाहुणाही वाढलेले आपल्याच चोचीने मोजतो.

मारिया ग्रॅहॅमच्या बाबतीत एक विलक्षण योगायोग येथे नोंदवला पाहिजे. पुढे लेडी कॉलकॉट झालेल्या या लेखिकेचे सर्वांत दीर्घायुषी पुस्तक ठरले ते मुलांसाठी लिहिलेले, ‘लिट्ल आर्थर्स हिस्टरी ऑफ इंग्लंड’ (१८३५). इंग्लंडमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या देशाचा इतिहास त्यातून शिकून घेतला. एका लहान मुलाशी आपुलकीने बोलत इतिहास सांगण्याची हातोटी तिच्यापाशी होती. चिंचवडच्या ओसरीवरही तिच्यासमोर एक लहान मूल होते. त्याच्याशी मात्र तिला दुभाष्यामार्फतच बोलता आले, आणि त्याच्याविषयी ती बोलली ती दुसऱ्याच वाचकांशी.

आजची ओसरी

हा सगळा इतिहास आज कशासाठी आठवायचा? चिंचवड पुन्हा यजमान झाले आहे म्हणून, आणि या वेळी प्रमाण फार मोठे आहे म्हणून. फाळणीनंतर सिंधी निर्वासित शेजारच्या पिंपरीत वसले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग मोटारींचे, यंत्रांचे कारखाने आले. १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाखांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, केरळ अशा सर्व दिशांनी माणसे आली. चाकणच्या बाजूला जर्मन, जपानी, कोरियन कंपन्यांचे तंत्रज्ञही आले. येथल्या शाळांच्या वर्गांत घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एका बाकावर बसतात. ओसरीवरचा मुलगा आणि पाहुणा ही दोन्ही माणसे आता एकाच वयाची आहेत.

या वर्गात वाचायला परक्या पाहुण्याच्या स्वागताचे चित्रपुस्तक हवे आहे, यात शंका नाही. पण ते कसे असू नये, हे मूर आणि ग्रॅहॅम आपल्याला शिकवतात. ते मूरसारखे वस्तुसंग्रह असू नये. फेटा, किमोनो, मुंडू यांची पाने आणि त्यांत घर नाही, हात नाही. ते ग्रॅहॅमच्या परिच्छेदासारखेही असू नये. एकजण बघतो, दुसरा बघितला जातो, आणि खडीसाखरेच्या वासावर हसे होते. यजमानाच्या बाजूने काढलेले चित्रही तेवढेच एकांगी होऊ शकते, हे आपण विसरता कामा नये. “आम्ही किती प्रेमाने स्वागत केले” असे सांगणारे पुस्तक बहुधा यजमानाच्या आत्मगौरवासाठी असते. त्यातला पाहुणा आभार मानण्यापुरता बोलतो. त्याच्या घरी आपण गेलो तर काय होईल, हे पान त्यात नसते.

खरे पाहता त्या पुस्तकाची सामग्री चिंचवडमध्येच आहे. देव पाहुणा म्हणून आला, राहिला, आणि तरी वर्षातून दोनदा त्याला त्याच्या गावी नेऊन आणण्याची रीत या गावाने पाळली. पाहुण्याला सामावून घेणे म्हणजे त्याचे मूळ गाव पुसून टाकणे नव्हे, हा विचार त्या पालखीत आहे. बिहारमधून आलेल्या मुलाने मराठी शिकावे, हे योग्यच. पण त्याच्या भाषेतली एखादी गोष्ट वर्गाने ऐकावी, तिच्याकडे वर्षातून दोनदा तरी जाऊन यावे, एवढे त्या परंपरेला साजेसेच आहे.

आपल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रवासवर्णन आणि बालसाहित्य हे दोन स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून शिकतात. चिंचवडच्या या परिच्छेदापाशी ते एकत्र येतात. मारिया ग्रॅहॅमचा परिच्छेद वर्गात वाचून दाखवावा आणि विद्यार्थ्यांना सांगावे की आता हाच प्रसंग त्या ठेंगण्या आसनावरून लिहा. घाट चढून दमलेली, ऊन लागलेली एक तरुण बाई ओसरीशी आली आहे. तिचे कपडे विचित्र आहेत. ती तुमच्याकडे टक लावून बघते, तुमच्या डोळ्यांत काहीतरी शोधते, आणि दुभाष्याने सांगितलेले सगळे खरे मानते. तुम्हाला तिच्याशी खेळायचे आहे, पण तुम्ही देव आहात. तुमच्या हातात बदाम आणि खडीसाखर आहे. ती तुम्ही तिला देता. तिला ती आवडली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न करता.